भरलेल्या किटलीची तालीम

खोटेकाकांचं आडनाव खोटे नव्हतं. पण नाट्यगृहाच्या मागच्या दारानं आत येणारा प्रत्येक जण त्यांना याच नावानं हाक मारी, आणि तेही मान वर न करता "बोल" म्हणत. बेचाळीस वर्षं त्यांनी नाटकांना लागणारं सामान बनवलं, आणि त्यातली एकही वस्तू खरी नव्हती. पुठ्ठ्याचे दगड, लाकडाच्या तलवारी, भुश्शाची फळं, कधीच न चालणारी घड्याळं, आत एक पानही नसलेले जाडजूड ग्रंथ. त्यांचा नियम एकच होता. वस्तू तयार झाली की ती रंगमंचावर ठेवायची, पायऱ्या उतरून प्रेक्षागृहात जायचं आणि दहाव्या रांगेतल्या मधल्या खुर्चीत बसून तिच्याकडे बघायचं. तिथून खरी वाटली की झाली खरी! मागची बाजू त्यांनी आयुष्यात कधी रंगवली नाही. "मागून कोण बघणार? भिंत?" असं ते वर विचारत.

किटल्या तर त्यांनी तेवीस केल्या. चहा नाही असं नाटकच नसे. पहिल्या अंकात पाहुणे आले की चहा, दुसऱ्या अंकात भांडण पेटलं की चहा, तिसऱ्यात सगळे एक झाले की पुन्हा चहा. तेवीस किटल्यांतल्या एकीच्याही पोटात पाण्याचा थेंब गेला नाही. नट मंडळी रिकाम्या किटलीतून रिकाम्या कपात चहा ओतत, वर फुंकर घालत, आणि एक बाई तर इतकी तयारीची होती की ती फुंकर घातल्यावरही जीभ भाजल्यासारखं करी. प्रेक्षागृहात त्या वेळी दहा जणांना तरी चहाची तल्लफ येत असे.

खरी किटली होती ती विंगेत. ती काकूंची.

काकू म्हणजे खोटेकाकांच्या पत्नी. नाट्यगृहाच्या मागच्या बोळकांडीत त्यांची शेगडी होती आणि त्या शेगडीवर बत्तीस वर्षं अख्ख्या नाटकवाल्यांचा चहा झाला. मध्यंतर पंधरा मिनिटांचं, कप चाळीस. पण काकूंनी कुणाला कधी शेगडीपाशी बोलावलं नाही. त्या स्वतः किटली घेऊन निघत. दाढी चिकटवत बसलेल्या राजापाशी जात, शिडीवर टांगलेल्या दिवेवाल्याला वर हात करून कप देत, दुसऱ्या अंकात मरायचं असल्यामुळे गप्प बसलेल्या नायिकेला जरा जास्त साखर घालत. सगळ्यांचं झालं की बोळकांडीच्या टोकाशी उभ्या राहून विचारत, "अजून कुणाला?" मग तिसरी घंटा होई, पडदा वर जाई, आणि काकू किटलीच्या तळाशी उरलेला गार चहा उभ्याउभ्या पिऊन टाकत. अ‍ॅल्युमिनियमची मोठी किटली, वर कमानीसारखी तारेची कडी, पोटाला एक पोचा. एका खलनायकानं भूमिकेच्या भरात विंगेत शिरताना लाथ मारली होती, त्याचा तो पोचा. नंतर तो पाया पडून माफी मागत होता आणि काकू म्हणत होत्या, "अहो उठा, मिशी पडली तुमची."

आता दोघंही निवृत्त. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, एक गोल टेबल, चार खुर्च्या. पण चार वाजले की किटली शेगडीवर चढे. रोज येणारा पाहुणा म्हणजे नाटकातला जुना प्रॉम्प्टर. चाळीस वर्षं पडद्याआड बसून दुसऱ्यांना वाक्यं पुरवल्यामुळे त्याला समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकवतच नसे. तुम्ही "आज जरा" म्हणालात की तो खालच्या आवाजात "उकडतंय" म्हणून मोकळा होई. त्याच्याशिवाय कधी दिवेवाला येई, कधी कपडेपटातल्या बाई. काकू उठत आणि टेबलाभोवती फिरून सगळ्यांच्या कपात चहा ओतत. "अजून कुणाला?" घर लहान होतं, पण त्या एका प्रश्नानं त्याचं नाट्यगृह होऊन जाई.

मग काकूंची मनगटं धरायला लागली. आधी सकाळी, मग दिवसभर. बोटं वळेनात. डॉक्टरांनी हात दाबून पाहिले, औषध दिलं आणि सांगितलं, "ओझं उचलायचं नाही." काकूंनी मान डोलावली आणि घरी येऊन किटली उचलली, कारण किटली म्हणजे ओझं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी ती हातातून निसटली. चहा प्रॉम्प्टरच्या गुडघ्यावर. तो बिचारा "काही नाही, काही नाही" म्हणत गॅलरीत जाऊन नाचून आला. त्याला भाजलं थोडंच, पण काकूंना फार भाजलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता त्यांनी दार आतून लोटून घेतलं.

"झोपल्येय म्हणून सांगा," त्या म्हणाल्या.

"अगं, पण तो जिन्यात आलाय. खोकला ऐकू येतोय."

"मग तुम्ही खाली जा त्याच्याबरोबर. कोपऱ्यावरच्या दुकानात प्या."

आठवडाभर असं चाललं. खोटेकाका आणि प्रॉम्प्टर कोपऱ्यावरच्या दुकानात बाकावर बसून चहा पीत, आणि चहा चांगला असूनही दोघांच्या घशाखाली उतरत नसे. घरी काकू भिंतीला पाठ लावून बसून असत. खोटेकाकांनी सुचवलं, "मी ओततो की." काकू म्हणाल्या, "तुम्ही ओता. मग मी कोण, पाहुणी?" खोटेकाकांना एवढंच कळलं की चार वाजता ही बाई आपल्या घरात परकी झाली आहे, आणि हे असंच राहिलं तर दार कायमचं लोटलेलं राहणार.

तेव्हा त्यांनी माळ्यावरून हत्यारांची पेटी काढली.

"किटलीच नवी करतो तुला," ते म्हणाले. "बघच."

चार दिवस घरभर पुठ्ठा, सरस आणि कागदाचा लगदा. काकू नाक दाबून आतबाहेर करत होत्या, पण चिडत नव्हत्या, हे खोटेकाकांनी टिपलं. त्यांनी डोकं असं चालवलं: तारेची कडी बारीक आहे, ती बोटात रुतते, तेव्हा मूठ जाड हवी. आणि ती डोक्यावर नको, मागे हवी. त्यांनी राजाच्या राजदंडाला शोभेल अशी वळणदार मूठ घडवली. पुठ्ठ्याचा नमुना झाला तेव्हा तो त्यांनी टेबलावर ठेवला, पार जिन्यापर्यंत मागे गेले आणि डोळे बारीक करून बघितलं. काय झोकात दिसत होती! मग पत्र्याची कामं करणाऱ्याकडून तशी मूठ जुन्या किटलीला डाग देऊन बसवून आणली आणि तालमी सुरू केल्या. रोज सकाळी काकूंच्या हातात किटली द्यायची. काकू ती उचलत, कपावर वाकवत, सरळ करत.

"दुखतंय?"

"नाही."

"आता डावीकडचा कप."

"नाही दुखत."

"वा! पाठ झालं सगळं. उद्या प्रयोग."

दुसऱ्या दिवशी चार वाजता दार सताड उघडं. प्रॉम्प्टर आला, त्यानं मुठीचं तोंड भरून कौतुक केलं आणि खुर्ची टेबलापासून वीतभर मागे घेऊन बसला. गुडघा शहाणा झाला होता. काकू पदर खोचून आल्या. किटली टेबलापासून चार बोटं उचलली गेली, आणि तिथंच थांबली. काकूंचा चेहरा पांढरा पडला. किटलीचं नाक खाली गेलं, चहा ट्रेमध्ये, ट्रेमधून टेबलावर, टेबलावरून वर्तमानपत्रावर. काकूंनी किटली जोर लावून खाली टेकवली, फडका आणला, टेबल पुसलं. प्रॉम्प्टरच्या आयुष्यात प्रथमच असं झालं की समोरचा थांबला आणि त्याला पुढचं वाक्य सुचलं नाही.

तो गेल्यावर काकू म्हणाल्या, "पुरे आता. एक थर्मास आणा. ज्याला हवा तो बटण दाबून घेईल. लोक असंच करतात."

"एकदा अजून..."

"अहो, थर्मास आणा म्हटलं ना!"

रविवारी लेक आली. लेक पंचेचाळिशीची, पाणी खेचायचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात रेखाटन विभागाची प्रमुख. तिच्या हाताखाली अकरा माणसं होती, आणि बाप तिला चारचौघांत चिमणे म्हणून हाक मारी. तिनं आईचा चेहरा पाहिला, टेबलावरचा चकाकता नवा थर्मास पाहिला, मग राजदंडाची मूठ लावलेली किटली पाहिली.

"बाबा, हे काय?"

खोटेकाकांनी सगळं सांगितलं. लेकीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाच दिवस तालीम केलीत. किटलीत पाणी होतं?"

खोटेकाका किटलीचं झाकण उघडून आत बघायला लागले.

"बाबा?"

"किटलीत पाणी कशाला?" ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांना स्वतःलाच ऐकू आलं की आपण काय म्हणतोय.

लेक हसायला लागली. ती खुर्चीवरून घसरायचीच बाकी राहिली. आतून काकूंच्याही हसण्याचा आवाज आला. त्या दिवसांत प्रथमच. "बेचाळीस वर्षं, गं! बेचाळीस वर्षं रिकाम्या किटल्या! आणि मीही मेली तशीच. ते म्हणाले उचल, मी उचलली!"

खोटेकाकाही हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"आमच्याकडे कसं असतं सांगू?" लेक म्हणाली. "आम्ही आधी काही बनवतच नाही. आधी नुसतं बघतो. पंप कोण चालवतं, कसं उभं राहतं, कुठला हात वापरतं, कुठं शिव्या घालतं. शिव्या घातल्या की तिथं खूण करायची. मग काय अडतंय ते एका वाक्यात लिहायचं. मग स्वस्तातलं, ओबडधोबड काहीतरी करायचं. मोडायला. मोडलं की परत लिहायचं. तुम्ही बघितलंतच नाही आईकडे."

"बघितलं नाही? पन्नास वर्षं बघतोय!"

"समोरून," लेक म्हणाली. "दहाव्या रांगेतून. जरा विंगेत उभे राहा."

ही मात्र त्यांच्या भाषेतली सूचना होती. दुसऱ्या दिवसापासून खोटेकाका स्वयंपाकघराच्या दाराआड स्टूल टाकून बसले, मांडीवर वही. काकू पहिल्या दिवशी वैतागल्या. "काय पोलीस बसवलेत का माझ्यावर?" दुसऱ्या दिवशी विसरल्या. आणि मग खोटेकाकांना अशा गोष्टी दिसायला लागल्या की त्यांचं पेन थांबेना. काकू नळ उघडतात ते बोटांनी नाही, मनगटानं ढकलून. डब्याचं झाकण उघडताना डबा पोटाशी धरतात. दार खांद्यानं लोटतात. घट्ट मूठ वळायचं काम आलं की क्षणभर श्वास रोखतात, आणि पुढे कधी मधेच "हं" म्हणतात. ही त्यांची शिवी. खोटेकाकांनी एका सकाळी अठरा "हं" मोजले आणि वही मिटून गॅलरीत जाऊन उभे राहिले. पन्नास वर्षांच्या संसारात हा आवाज आपल्या कानावर कसा आला नाही, कोण जाणे.

चौथ्या दिवशी ती गोष्ट दिसली. फरशी पुसून झाल्यावर बादली भरलेली होती, जड. काकूंनी ती उचललीच नाही. पायानं सरकवत मोरीच्या कठड्यापाशी नेली, एका कडेवर कलती केली आणि मागून तळहात नुसता वर ढकलला. बादली आपल्याच कडेवर डोलली आणि पाणी धो धो वाहून गेलं. "हं" नाही. श्वास रोखणं नाही. वर गुणगुणत होत्या.

खोटेकाकांनी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: उचलत नाही. कलवते.

तिथून काम खऱ्या अर्थानं सुरू झालं. किटली उचलायचीच नसेल तर ती टांगता येईल. किटलीच्या पोटाला दोन्ही बाजूंनी दोन आखूड कान बसवायचे आणि ते दोन लाकडी खुंटांच्या बेचक्यांत ठेवायचे, की किटली झोपाळ्यासारखी त्यांच्यात डोलेल. मूठ वळायला लागू नये म्हणून मागे मूठच नको. एक रुंद लाकडी पट्टी हवी, नुसता तळहात खाली घालून वर सारायची. म्हाताऱ्या माणसाला उठवताना कोपराखाली हात देतो ना, तसं. त्यांनी पुठ्ठ्याची किटली केली आणि या वेळी आत वाळू भरली. नाटकात रिकामी बॅग नटाच्या हातात नुसती हेलकावते म्हणून ते बॅगेत वाळू भरत असत. किटलीत भरायचं मात्र कधी सुचलं नव्हतं.

वाळूची तालीम नीट झाली. मग कान बसवून खऱ्या किटलीत पाणी भरलं. काकू समोर बसल्या, प्रॉम्प्टरला मुद्दाम बोलावलं होतं. खोटेकाकांनी किटली बेचक्यांत ठेवली आणि हात काढला. त्याच क्षणी किटलीनं सगळ्यांना खाली वाकून नमस्कार केला आणि अख्खं पाणी टेबलावर ओतून मोकळी झाली. कुणी हातही लावला नव्हता.

"फारच नम्र आहे," प्रॉम्प्टर म्हणाला. या वेळी त्यानं बूटही काढून ठेवले होते.

काकू फडका घेऊन उठल्या, पण त्यांच्या तोंडावर त्या दिवसासारखी कळा नव्हती. "कान खाली लागलेत," त्या म्हणाल्या. "डोकं जड आणि कंबर खाली. मी नाही का, डोक्यावर हंडा घेतला की अशीच वाकायची?" खोटेकाका त्यांच्याकडे बघतच राहिले. पत्रेवाल्यानं कान दोन बोटं वर सरकवले. आता भरलेली किटली ढकललं की कलायची, सोडलं की आपोआप उभी राहायची.

काकूंनी तळहात पट्टीखाली घातला, वर सारला. समोरच्या कपात पाण्याची धार पडली. कप भरला, हात काढला, किटली सरळ. खोटेकाका कान देऊन ऐकत होते. "हं" आलं नाही.

"झालं!" ते ओरडले. "जमलं!"

काकूंनी त्या कपाकडे पाहिलं, मग टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीकडे. "आणि त्यांच्या कपात कसा घालायचा?"

"ते कप पुढं करतील. एकेक जण इथं ठेवेल..."

"म्हणजे रांग लावायची माझ्यापुढे?" काकूंचा आवाज खाली गेला. "अहो, बत्तीस वर्षांत कुणाला किटलीपाशी यावं लागलं नाही. किटली गेली प्रत्येकाकडे. तो दिवेवाला शिडीवर असायचा तरी गेली. लोकांनी कप घेऊन माझ्यासमोर उभं राहायचं, तर मग थर्मास काय वाईट आहे?"

त्या उठून आत गेल्या. प्रॉम्प्टरनं बूट घातले. जाताना दारात थांबून तो हळूच म्हणाला, "वहिनींचं खरं आहे रे. तू किटलीचा विचार केलास. त्या..." आणि इथं त्यानं वाक्य सोडून दिलं, जे त्याच्या स्वभावाला सोडून होतं. पुरं करायचं काम त्यानं खोटेकाकांवर टाकलं.

खोटेकाकांनी वही उघडली. पहिल्या पानावर लिहिलं होतं: किटली हलकी व्हावी. ते त्यांनी खोडलं. खाली लिहिलं होतं: मनगट दुखू नये. तेही खोडलं. मग बराच वेळ पेन्सिल चावून त्यांनी लिहिलं: तिला सगळ्यांपर्यंत जाता यावं. लेकीला फोन करून ते वाक्य वाचून दाखवलं. "बाबा," लेक म्हणाली, "आमच्या कारखान्यात हे वाक्य सापडायला सहा सहा महिने लागतात."

"वाक्य सापडलं. पण ती टेबलाभोवती किटली घेऊन फिरणार कशी? आणि ती बसून राहिली तर किटली फिरणार कशी?"

हे बोलून त्यांनी फोन ठेवला आणि लगेच पुन्हा लावला.

"चिमणे! एवढी वर्षं नाट्यगृहात घालवली आणि मी विचारतोय फिरणार कशी! अगं, फिरता रंगमंच! एका देखाव्याची पाठ वळली की दुसरा समोर! तुमच्याकडे पंपाचं एखादं मोडकं बेअरिंग असेल का गं, बशीएवढं?"

लेक पुढच्या रविवारी दोन घेऊन आली. एक गंजलेलं, एक बरं. बऱ्यावर खोटेकाकांनी जुन्या पाटाची गोल तबकडी बसवली, तबकडीवर दोन खुंट, खुंटांमध्ये किटली. काकूंनी खुर्चीत बसल्याबसल्या तबकडीला एक बोट लावलं की किटलीचं नाक टेबलावरच्या हव्या त्या माणसासमोर येऊन थांबे. टेबल लहान असल्यामुळे पट्टी डावीउजवीकडे गेली तरी त्यांचा हात तिथवर पोचत होता. तीन दिवस भरलेल्या किटलीच्या तालमी झाल्या. त्यात एकदा तबकडी जोरात फिरली आणि चहाची एक सुंदर गोल कमान भिंतीवर उमटली. खोटेकाकांनी तबकडीखाली जाड लोकरी नमद्याचा तुकडा लावला, ती संथ झाली.

मग रंगाचा डबा उघडला. काकूंनी तो बंद केला.

"काही नको. आहे तशी बरी आहे."

"अगं, खुंट ओबडधोबड दिसतायत. मागून तर..."

"मागून मी हात घालणार आहे. रंग नको, पॉलिशपेपर मारा."

आणि खोटेकाकांनी जन्मात पहिल्यांदा एका वस्तूची मागची बाजू घासली. पट्टीची खालची कड, जी टेबलावर बसलेल्या कुणालाही दिसणार नव्हती, ती त्यांनी तीन वेगवेगळ्या कागदांनी घासली आणि दर वेळी आपल्याच गालावरून फिरवून पाहिली. काकूंना त्यांनी हे सांगितलं नाही.

रविवारी चार वाजता दार उघडं होतं. प्रॉम्प्टर आला, लेक होती. काकू आपल्या खुर्चीत, खोटेकाका बरोबर समोर. दीड हजार प्रयोग त्यांनी विंगेतून पाहिले होते, पण पडद्याआधी सामान तीनतीनदा हलवून पाहिलं ते आजच. प्रॉम्प्टरनं त्यांच्या कानाशी लागून म्हटलं, "तिसरी घंटा."

काकूंनी तबकडीला बोट लावलं. किटली सावकाश वळली, पोच्याची बाजू उजेडात आली आणि गेली, आणि नाक प्रॉम्प्टरसमोर थांबलं. तळहात पट्टीखाली गेला. वाफाळती धार कपात पडली, कप काठोकाठ, हात निघाला, किटली ताठ. प्रॉम्प्टर श्वास रोखून बसला होता, तो त्यानं सोडला. खुर्ची त्यानं पुढे ओढून घेतली. मग नाक लेकीकडे वळलं. मग खोटेकाकांकडे. त्यांच्या कपात काकूंनी इतरांपेक्षा थोडा कमी घातला. साखरेच्या पथ्यामुळे तो कमीच घालायचा असे, आणि आज त्या घाईगर्दीतही त्यांना ते आठवलं होतं.

"अजून कुणाला?" काकूंनी विचारलं.

प्रॉम्प्टर खिडकीबाहेर बघत होता. त्याचं नाक लाल झालं होतं.

"अहो बोला की! अजून कुणाला?"

"तुला," लेक म्हणाली. "तुझा कप रिकामा आहे, आई."

काकूंनी तबकडी फिरवली. नाक त्यांच्यासमोर आलं. आणि पट्टी गेली पलीकडे, गरम किटलीच्या मागं, हाताच्या बाहेर. काकूंनी एकदा डावीकडून हात घालून पाहिला, एकदा उजवीकडून. पोचत नव्हता. सगळ्यांच्या कपात चहा घालणारी किटली फक्त घालणारीच्या कपात घालू शकत नव्हती, आणि इतक्या तालमींत हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. कारण तालमीत काकूंनी स्वतःचा कप कधी मांडलाच नव्हता.

"घोटाळा आहे," लेक म्हणाली आणि तिचा हात सवयीनं पेन्सिलीकडे गेला. खोटेकाकांनीही कानावरची पेन्सिल काढली. "पट्टी दोन्हीकडे लावू. नाहीतर एक लांब दांडा..."

"काही लावू नका," काकू म्हणाल्या.

पट्टी बरोबर खोटेकाकांसमोर येऊन थांबली होती. काकूंनी आपला कप नाकाखाली सरकवला, हात मांडीवर ठेवले आणि खुर्चीला पाठ टेकली.

"ओता," त्या म्हणाल्या.

खोटेकाकांनी पट्टीखाली तळहात घातला. लाकूड गालासारखं मऊ लागलं. त्यांनी वर सारलं, आणि तेवीस किटल्या करणाऱ्या माणसाला हातावर प्रथम कळलं की भरलेली किटली कशी लागते. ती आधी अडली, मग आपण होऊन वाकली. धार जरा जास्तच जोरात पडली. बशीत सांडलं.

"हळू," प्रॉम्प्टर पुटपुटला.

"कळतंय रे मला!"

काकूंनी कप उचलला, दोन्ही हातांच्या तळव्यांत धरून. बशीतला चहा परत कपात ओतला. एक घोट घेतला, आणि चटका बसल्यासारखं तोंड केलं. खोटेकाका घाबरून उठलेच.

"काय झालं?"

"काही नाही," काकू म्हणाल्या. "गरम आहे."